लॅब्राडोरचं पिल्लू घ्यायचंय, सोलापूर. ब्रीडर पारखायचा कसा?

जुळे_सोलापूर

घरात सहा आणि नऊ वर्षांची मुलं, सत्तरीतली आई. घर स्वतंत्र आहे, मागे थोडं अंगण. लॅब्राडोर घ्यायचं ठरलंय. दोन ठिकाणी चौकशी केली. शहरातलेच एकजण ३५ दिवसांचं पिल्लू 'विदाउट पेपर' १० हजारांना आणि तेच पिल्लू 'विथ पेपर' १८ हजारांना देतो म्हणतात. दुसरे पुण्याचे. त्यांनी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवले, पाच हजार आधी टाका, पिल्लू ट्रॅव्हल्सने पाठवतो म्हणाले. दोघांच्याही तोंडी 'हेवी बोन, पंच फेस, डबल कोट', म्हणजे जाड हाडं, आखूड दबलेलं तोंड, केसांचे दोन थर.

मला कुणाचा नंबर नकोय. काय विचारायचं, काय बघायचं आणि कुठे सरळ उठून यायचं, ते जाणकारांनी सांगावं. सोलापूरच्या उन्हात लॅब निभावतो का, हेही सांगा.

केनेल_कट्टा

पहिल्या माणसाने एका पिल्लाचे दोन भाव सांगितले, तिथेच विषय संपवा. केनेल क्लब ऑफ इंडियाकडे, म्हणजे चेन्नईच्या केसीआयकडे, नोंद होते ती अख्ख्या वेताची, म्हणजे एका वेळी जन्मलेल्या सगळ्या पिल्लांची, आणि तीही आई-बाप दोघं आधीपासून नोंदलेले असतील तरच. नोंदणीचा खर्च पिल्लाच्या किमतीपुढे किरकोळ असतो. मग वरचे आठ हजार कशाचे? असा सुटा विकायला ठेवलेला कागद दुसऱ्याच पिल्लाचा असण्याची शक्यता मोठी.

खात्री करायला चिप बघा. केसीआयच्या नोंदणीला मायक्रोचिप लागतेच. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेच्या मागे दोन्ही खांद्यांच्या मध्ये कातडीखाली बसवतात, नंबर १५ अंकी. स्कॅनर फिरवल्यावर दिसणारा नंबर कागदावरच्या नंबराशी अंकन् अंक जुळला पाहिजे. सर्टिफिकेट यायला वेळ लागतो हे खरं आहे, त्यामुळे पिल्लू नेताना ते हातात नसेल तर लगेच संशय घेऊ नका. पण वेताच्या नोंदणी अर्जाची प्रत आणि पावतीवर चिपचा नंबर, या दोन गोष्टी त्याच दिवशी मिळायला हव्यात. पुढे सर्टिफिकेट ब्रीडरच्या नावाचं असतं, तुमच्या नावावर करायला हस्तांतराच्या अर्जावर त्याची सही लागते. ती तिथेच घ्या, नंतर फोन उचलले जात नाहीत.

आई-बापाचे कागद उघडून वाचा. तीन पिढ्या म्हणजे १४ पूर्वज. एखादा पणजोबा दोन्हीकडे आला तर फार बिघडत नाही. पण आईचा बाप आणि बापाचा बाप एकच असेल, तर ते सावत्र भावंडांचं मेटिंग झालं. ते वेत सोडून द्या.

कायद्याचं बोलायचं तर श्वानप्रजनन आणि विक्रीचे केंद्राचे नियम २०१७ पासून लागू आहेत. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. विक्रीआधी चिप आणि लस हवी. कुत्री १८ महिन्यांची होण्याआधी आणि आठ वर्षांनंतर भरवायची (नराशी जोडायची) नाही, वर्षात एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त पाच. याचाच अर्थ ३५ दिवसांचं पिल्लू दाखवून विकणारा माणूस नियम उघड मोडतोय. त्याने आईला किती वेळा भरवली असेल, याचा अंदाज त्यावरून बांधा.

एक मात्र लक्षात ठेवा. कागद वंश सांगतो, तब्येत सांगत नाही. केसीआयचा कागद असलेल्या पिल्लाचेही खुबे खराब निघू शकतात.

स्टेथोस्कोप

वरच्या शेवटच्या वाक्यापासून पुढे सांगतो.

पिल्लू बघायला जाऊ नका, आई बघायला जा. पिल्लं सगळीच गोड असतात, दहा मिनिटांत मुलं एकाला 'हेच' म्हणून मोकळी होतात. म्हणून पहिल्या भेटीत मुलांना नेऊच नका. आई दाखवायला सांगा. 'गावाकडे आहे', 'पाहुण्यांकडे ठेवलीय', 'चावते म्हणून बांधलीय' यांपैकी काही ऐकू आलं, तर पिल्लं दुसरीकडून आणून विकायला ठेवलीत असं धरून चाला.

आई म्हणून दुसरीच कुत्री उभी करण्याचा प्रकारही चालतो. दोन महिन्यांपूर्वी व्यायलेली कुत्री लपत नाही. सड लोंबलेले असतात, त्यांच्याभोवती पिल्लांच्या नखांचे बारीक ओरखडे दिसतात, अंगावरचे केस झडून कोट विरळ झालेला असतो. पोट सपाट, सड चिकटलेले आणि कोट चकचकीत असेल तर ती या पिल्लांची आई नव्हे. तिच्याजवळ पिल्लं सोडायला सांगा. ती हुंगते का, पिल्लं थेट पोटाखाली घुसतात का, हे एका मिनिटात कळतं. तिचा स्वभावही तेव्हाच बघा. लॅबची आई अनोळखी माणसाला बघून कोपऱ्यात दबत असेल किंवा दात दाखवत असेल, तर लहान मुलांच्या घरात तिचं पिल्लू नको. भित्रेपणा रक्तातूनही येतो आणि पिल्लं आईकडे बघूनही शिकतात. बाप तिथे असेलच असं नाही. चांगला ब्रीडर बाहेरचा नर निवडतो, त्यामुळे बापाचे कागद आणि रिपोर्ट पुरे.

आता रिपोर्ट. लॅबमध्ये खुब्याचा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेसिया, आणि पुढच्या पायाच्या कोपराचा दोष हे दोन मोठे. खुब्याची वाटी उथळ राहते, हाडाचा गोळा तिच्यात सैल फिरतो, कूर्चा झिजते आणि कुत्रं तीन-चार वर्षांतच उठता-बसता कण्हायला लागतं. पिल्लाकडे बघून हे कळत नाही. आई-बापाचा एक्स-रे भूल देऊन, मागचे पाय सरळ ताणून काढावा लागतो, तोही वाढ पूर्ण झाल्यावर. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या पद्धतीत ए (उत्तम) ते ई (सर्वांत वाईट) अशा श्रेणी असतात. ए आणि बी आई-बाप बघा, डी-ई असतील तर त्या कुत्र्यांची पैदासच व्हायला नको. जोडीला गालाच्या आतून घेतलेल्या स्वॅबवर दोन डीएनए चाचण्या होतात: एक डोळ्यांच्या पीआरएसाठी, ज्यात हळूहळू नजर जाते, आणि दुसरी ईआयसीसाठी, ज्यात जोराच्या पळापळीनंतर मागचे पाय लुळे पडतात. दोन्ही दोष अप्रकट आहेत, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आले तरच पिल्लू आजारी पडतं; एकाकडून आला तर ते नुसतं वाहक. आई वाहक असली तरी बाप क्लिअर असेल, तर एकही पिल्लू आजारी निघत नाही. म्हणून 'वाहक' शब्द दिसला की घाबरू नका, दोघंही वाहक नाहीत ना एवढं बघा.

जुळे_सोलापूर

एक्स-रेचं विचारलं तर शहरातले म्हणाले, आपल्याकडे कुणी करत नाही. आणि ३५ दिवसांचं पिल्लू लवकर लळा लावतं असं सगळेच सांगतात, ते चूक का?

स्टेथोस्कोप

करणारे कमी आहेत, पण आहेत. पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर धरून शोधा. सोलापूर सोडायचंच नाही म्हटलं तर पर्याय फार उरत नाहीत. एक्स-रे नसलेल्या ब्रीडरकडून घ्यायचंच असेल तर निदान याच आई-बापाच्या आधीच्या वेतातली, दोन वर्षांवरची दोन-तीन कुत्री ज्यांच्या घरी आहेत त्यांच्याशी बोला. जिना चढतात का, उठताना लंगडतात का, सशासारखी दोन्ही मागचे पाय जोडून पळतात का, हे विचारा.

३५ दिवसांचं: लळा तर बारा आठवड्यांचं पिल्लूही लावतं. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी मस्ती करताना दाताचा जोर आवरायला शिकतं. जोरात चावलं की समोरचं ओरडतं, खेळ थांबतो. हे शिक्षण बुडालं की तेच दात तुमच्या मुलांच्या हातावर येतात. दुसरं कारण लसीचं. आईच्या चिकातून आलेल्या प्रतिकारशक्तीमुळे इतक्या लहान वयात दिलेली लस बरेचदा लागूच पडत नाही. ही आईची शक्ती कधी ओसरते ते प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून सहा ते आठ आठवड्यांत सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत लस द्यायची असते. रेबीजची १२ आठवड्यांनंतर. जंताचं औषध दोन आठवड्यांचं असल्यापासून दर पंधरवड्याला.

लसीच्या वहीत बाटलीवरचं स्टिकर, तारीख, डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. नुसता 'डन' लिहिलेला शिक्का चालणार नाही. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. दुकानातून आणून ब्रीडरने घरी टोचलेली लस आपल्या उन्हात वाटेतच वाया गेलेली असू शकते.

पिल्लू उचलल्यावर हे बघा: हिरड्या गुलाबी, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत परत रंग येतो. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं आणि बरगड्या दिसत असतील तर जंत. बेंबीपाशी मऊ गोळी म्हणजे हर्निया. नर असेल तर आठ आठवड्यांना दोन्ही अंडकोष हाताला लागायला हवेत. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. आठ आठवड्यांच्या लॅबचं वजन साधारण साडेचार ते साडेसहा किलो भरतं. तीन किलोचं पिल्लू 'दोन महिन्यांचं' म्हणून दाखवलं तर वय तरी खोटं आहे किंवा पोसणूक तरी.

होटगी_नाका

उन्हाबद्दल. लॅब सोलापुरात राहतो, पण त्याच्यासाठी घर बदलावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, तेव्हा फिरवणं सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर. रस्त्यावर हाताची उलटी बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा, आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसत नाही. दुपारी तो घरात, फरशीवर, पंखा-कूलरखाली हवा. पत्र्याच्या शेडमध्ये साखळीला बांधून ठेवायचा विचार असेल तर कृपया घेऊ नका. नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे साठवणीत त्याचाही वाटा धरा.

त्यातून वेळेचा हिशेब येतो. मेटिंगपासून व्यायला साधारण ६३ दिवस, पुढे ५६ दिवस आईजवळ, म्हणजे चार महिने. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पिल्लू हवं तर जुलै-ऑगस्टमध्ये मेटिंग होणाऱ्या कुत्रीसाठी नाव नोंदवा. 'आज या, उद्या घेऊन जा' असं बाराही महिने म्हणणाऱ्याकडे कायम पिल्लं शिल्लक असतात. इतकी कशी असतात, ते त्याला विचारा. बुकिंगचे पैसे सोनोग्राफीत गर्भ दिसल्यावर किंवा पिल्लं जन्मल्यावर द्या. व्हिडिओ बघून तर अजिबात देऊ नका. घरपोच पाठवण्याच्या नावाखाली आधी पैसे, मग 'पेटी भाडं', मग 'विमा', अशी ती साखळी चालते. पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत पिल्लू पाठवणारा माणूस जबाबदार ब्रीडर असूच शकत नाही.

स्वतः जा, गाडीने आणा. अंतर अडीचशे किलोमीटर, पहाटे निघून ऊन चढायच्या आत परत फिरा. निघायच्या तीन-चार तास आधी शेवटचं खाणं, नाहीतर ओकारी. आणि भिगवण, टेंभुर्णीला चहाला थांबलात तर पिल्लाला ढाब्याच्या जमिनीवर सोडू नका, शी-शू मांडीवरच्या वर्तमानपत्रावर होऊ दे. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांचा विषाणू, मातीत महिनोन्महिने जगतो आणि अशा जागी येणाऱ्या-जाणाऱ्या कुत्र्यांची कमी नसते.

कारवान_विजापूर_रोड

विषय लॅबचा आहे, तरी एक सुचवतो. उन्हाचा प्रश्न एवढा असेल तर आपल्याच भागातली कारवान, म्हणजे मुधोळ, ही कुत्र्याची जात एकदा बघा. विजापूरमार्गे मुधोळ गाव जवळच आहे, तिथे तिम्मापूरला कर्नाटक पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, म्हणजे वंशाची खात्री करायला जागा आहे. सव्वादोन फुटांच्या आसपास उंची, तुळतुळीत आखूड केस, ऊन सोसतो, खुब्याचा त्रास क्वचित. पण तो पळणारा शिकारी कुत्रा आहे. मांजर, कोंबडी दिसली की मागे बघत नाही, कंपाउंड पाच-सहा फुटांचं हवं, आणि मुलांनी कान ओढले तर लॅबसारखा पडून राहणार नाही, उठून निघून जाईल. सहा वर्षांच्या मुलाला दिवसभर अंगावर लोळायला कुत्रा हवा असेल तर लॅबच बरा.

केनेल_कट्टा

दोन राहिलेल्या गोष्टी. लॅबचे मान्य रंग तीनच: काळा, पिवळा, चॉकलेटी. फॉक्स रेड ही पिवळ्याचीच छटा. 'सिल्व्हर लॅब, रेअर' म्हणून जादा पैसे मागितले तर देऊ नका. 'पंच फेस', 'डबल कोट' हीसुद्धा बाजारातली भाषा. प्रत्येक लॅबला दुहेरी कोट असतोच, त्याचे वेगळे पैसे कशाला?

आणि लिहून काय घ्यायचं: पावतीवर जन्मतारीख, चिप नंबर, आई-बापाचे नोंदणी क्रमांक, रक्कम. खाली दोन ओळी. नेल्यापासून ७२ तासांत तुमच्या डॉक्टरने तपासून आजार सांगितला तर पिल्लू परत आणि पैसे परत. आणि पुढे कधीही तुम्हाला सांभाळणं अशक्य झालं तर कुत्रा ब्रीडर परत घेईल. दुसरी ओळ लिहायला जो मागेपुढे बघत नाही, उलट तुमच्या आईला कुत्र्याचा धक्का लागला तर काय कराल, दिवसा घरी कोण असतं, असं तोच तुम्हाला विचारतो, त्याच्याकडे चार महिने थांबावं लागलं तरी थांबा.