रॉडनी ब्रूक्स: नकाशा फेकून देणारा माणूस जिंकला की हरला?

खटपट्या: १९७९ साली स्टॅनफर्डमध्ये संशोधक हान्स मोरावेकच्या आपोआप चालणाऱ्या रोबॉट-गाडीला खुर्च्यांनी भरलेली एक खोली पार करायला सुमारे ५ तास लागले. थोडं सरकायचं, थांबून फोटो घ्यायचे, हिशोब करायचा, परत सरकायचं. तिथेच पीएचडी करणाऱ्या ब्रूक्सने हे जवळून पाहिलं आणि १९८६ मध्ये एमआयटीतून उलटंच मांडलं: जगाचा नकाशा यंत्राच्या डोक्यात नकोच, सेन्सर थेट हालचालीला जोडा. अडथळा टाळणं हा तळाचा थर, भटकणं त्याच्या वर. त्याचा सहा पायांचा रोबॉट गेंगिस याच तत्त्वावर चालला. १९९० ला त्याची आयरोबॉट कंपनी, २००२ ला तिचा रूम्बा, घर झाडणारा रोबॉट. त्याच्या पिढीतल्या किती एआयवाल्यांचं काम असं घरोघरी पोचलं?

उंटावरचा: पोचलं, पण कसलं? जुना रूम्बा भिंतीला धडकून वळायचा, तोच कोपरा पुन्हा पुन्हा झाडायचा. २०१५ च्या ९८० मॉडेलमध्ये त्याच कंपनीने कॅमेरा बसवून घराचा नकाशा बनवायला घेतला! आणि १९९३ च्या कॉगचं, ब्रूक्सच्या माणसासारख्या रोबॉटचं, काय झालं? कीटकापासून थर चढवत माणसापर्यंत जाऊ म्हणाले होते. किल्ली काल कुठे ठेवली हे आठवायचं तर मनात काहीतरी साठवावंच लागतं ना?

खटपट्या: अहो, तेव्हाच्या प्रोसेसरला नकाशा झेपत नव्हता. झेपेपर्यंत हातावर हात धरून बसायचं होतं का?

शॉपफ्लोअर: तुम्ही दोघं बॅक्स्टर विसरलात, ब्रूक्सच्या रीथिंक कंपनीचा कारखान्यातला रोबॉट. २०१२, किंमत २२,००० डॉलर. माणसाला लागू नये म्हणून सांध्यांत मुद्दाम स्प्रिंगा घातल्या, स्क्रीनवर डोळे काढले. स्प्रिंगांनी सुरक्षितता दिली आणि नेमकेपणा घालवला. कारखान्यात हात दर वेळी त्याच जागी पडावा लागतो. डोळे कोण बघतंय! डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबॉट्सचे बिनचेहऱ्याचे हात खपले आणि रीथिंक २०१८ मध्ये बंद पडली. संशोधक मोठाच, पण गिऱ्हाईक कळलं नाही.

उंटावरचा: हे मात्र पटलं. तरी एक श्रेय देतो. २०१८ पासून हा माणूस स्वयंचलित गाड्यांबद्दलची आपली भाकितं तारखांसकट मांडून दरवर्षी जाहीरपणे तपासतो. बाकीचे गुपचूप तारीख पुढे ढकलतात.

खटपट्या: आणि आता म्हणतो, स्पर्शाची माहिती नसताना नुसते व्हिडिओ पाहून ह्यूमनॉइड (माणसासारखे रोबॉट) हातांची कला शिकणार नाहीत. म्हणजे १९८६ चाच हट्ट: बुद्धी शरीरातून येते. यावर बोला की.

उंटावरचा: स्पर्श हवा, मान्य. पण तो साठवायलाही डोक्यात जगाचं मॉडेलच लागेल, राव.