चँग कै-शेक: मुख्य भूमीचा हिशेब वेगळा, तैवानचा वेगळा?

धांडोळा:
कुळाने द्यायचा खंड मुख्य पिकाच्या ३७.५ टक्क्यांहून जास्त नको, ही तरतूद चीनमधल्या चँगच्या कुओमिंतांग (राष्ट्रवादी) पक्षाच्या सरकारने १९३० च्या भूमी कायद्यातच केली होती. मुख्य भूमीवर, म्हणजे खुद्द चीनमध्ये, ती बहुतांशी कागदावर राहिली. यादवीत कम्युनिस्टांपुढे हरून हे सरकार १९४९ मध्ये तैवान बेटावर गेलं; तोच आकडा त्याच वर्षी तिथे लागू झाला आणि टिकलाही. पक्ष तोच, नेता तोच. मग तैवानचं श्रेय चँगला किती द्यायचं?

बांधावरून:
आकडा तोच होता, जमीनदार वेगळे होते. मुख्य भूमीवर गावपातळीवरचा पक्ष म्हणजे बऱ्याच ठिकाणी जमीनदार नाहीतर त्यांचे सोयरे. ते स्वतःच्याच खंडाला कात्री लावणार नव्हते. तैवानात आलेल्या अधिकाऱ्यांची तिथे गुंठाभरही जमीन नव्हती. त्यात २८ फेब्रुवारी १९४७ च्या उठावानंतर सरकारी फौजेने केलेल्या कत्तलीत स्थानिक प्रतिष्ठितांपैकी कित्येक मारले गेले, उरलेले गप्प बसले. १९४५ पर्यंतच्या जपानी अमदानीतली जमीन मोजणी आणि नोंदीही आयत्या हाताशी होत्या.

१९५३ ची ‘कसेल त्याची जमीन’ योजना बघा. मालकाला मध्यम प्रतीची साधारण २.९ हेक्टर भातजमीन ठेवता येई, बाकीची सरकारजमा. मोबदला मुख्य पिकाच्या वार्षिक उत्पन्नाच्या अडीचपट: ७० टक्के रोख्यांत, ३० टक्के चार सरकारी कंपन्यांच्या शेअरांत. कुळाने किंमत १० वर्षांत, २० हप्त्यांनी फेडायची. खरी खुबी रोख्यांत आहे. भातजमिनीचा रोखा भातात आणि कोरडवाहूचा रताळ्यांत मोजलेला, त्यामुळे चलन घसरलं तरी रोखा घसरत नाही. लंगडी बाजू शेअरांची. छोट्या मालकांनी ते मिळेल त्या भावाने फुंकून टाकले आणि काही बडी घराणी कारखानदार होऊन बसली.

चलनवलन:
रोखे पैशात का नव्हते, हे कळायला १९४८ चं शांघाय बघावं लागतं. १९ ऑगस्टला सुवर्ण युआन आला: ३० लाख फापींना (जुनं चलन) १. लोकांनी सोनं, चांदी, परकीय चलन सरकारजमा करायचं, नाहीतर जप्ती. भाव १९ ऑगस्टच्या पातळीवर गोठवले. चँगचा मुलगा चिंग-कुओ शांघायमध्ये साठेबाजांच्या मागे लागला, पण सावत्र आईच्या बहिणीच्या मुलाच्या, म्हणजे खुंग घराण्याच्या कंपनीपर्यंत पोचल्यावर वरून हात आखडला गेला.

तसंही ते टिकणार नव्हतं. कम्युनिस्टांशी चाललेल्या लढाईचा खर्च नोटा छापूनच भागवला जात होता आणि गोठवलेल्या भावात कच्चा माल मिळेना, म्हणून दुकानं रिकामी पडली. ऑक्टोबरअखेर भाव मोकळे करावे लागले. २ अब्जांची छपाईची मर्यादाही नोव्हेंबरात उठली. कायदा पाळून सोनं जमा करणारा मध्यमवर्ग नागवला गेला.

तेच सोनं पुढे जहाजांनी तैवानला गेलं. १५ जून १९४९ ला ४०,००० जुन्या तैवान डॉलरांना १ या दराने नवा तैवान डॉलर आला, त्याच्या पाठीशी त्यातला काही भाग होता. म्हणून मला हे दोन वेगळे हिशेब मान्य नाहीत. तैवानच्या जमेत शांघायची लूट आहे.

जुना नकाशा:
जपानशी झालेलं युद्ध विसरू नका. १९३७ नंतर शरण न जाणं ही चँगची मोठी जमा, आणि जानेवारी १९४३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेने विषम करारांतले (चीनवर लादलेल्या जुन्या करारांतले) विशेषाधिकार सोडले, ती त्याचीच कमाई. पण जून १९३८ मध्ये ह्वायुआनखोउला पीत नदीचा बांध फोडला तो खालच्या गावांना न सांगता. लाखो माणसं मेली. जपानी फौजेची वाट लांबली, तरी वुहान ऑक्टोबरात पडलंच. नदी जुन्या पात्रात परतायला १९४७ उजाडलं.

तैवानातल्या दडपशाहीतही ‘खालच्यांनी केलं’ ही सबब चालत नाही. लष्करी न्यायालयांच्या फायलींवर शिक्षा वाढवून मृत्युदंड करण्याचे शेरे खुद्द चँगच्या हातचे आहेत.

बांधावरून:
चलनवलन, सोन्याचं मान्य. मूळ प्रश्नाबद्दल एक राहिलं: खंडकपात राबवली छन चंगने, तैवान प्रांताचा अध्यक्ष म्हणून, एप्रिल १९४९ पासून. चँग तेव्हा राष्ट्राध्यक्षच नव्हता, २१ जानेवारीला पायउतार झाला होता. छन चंगला तिथे नेमलं मात्र त्यानेच, जाण्याआधी काही आठवडे.