मदत हवी आहे: मुलगी घराबाहेर शू करतच नाही, सोमवारी पुण्याला लग्नाला जायचंय

जुळेची_मीरा:
अर्जंट आहे म्हणून सगळा इतिहास लिहीत बसत नाही. मुलगी घरी एकदम व्यवस्थित आहे, शू आली की सांगते, स्वतः चड्डी काढते. घराबाहेर पाऊल टाकलं की सगळं बंद. गेल्या गुरुवारी अक्कलकोटला गेलो, सकाळी आठला निघालो ते दुपारी तीनला परत, मध्ये तीन ठिकाणी नेलं आणि तिन्ही ठिकाणी दारातच पाय रोवून उभी, मान मागे टाकून अशी किंचाळली की बाहेर बसलेली बाई म्हणाली, काय ओ मारताय काय लेकराला. घरी आल्यावर चपला काढायच्या आत पळाली आणि धार थांबेना. सोमवारी सोलापूरहून हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जायचंय, दोन दिवस मुक्काम. काय करू? डायपर घाला हे कृपया सांगू नका, ते करून झालंय.

रेल्वेलाईन्सवाली:
वय?

खमंग_शेंगा:
पॅन्टवालं डायपर घाला की. प्रवासात सगळेच घालतात. लाजायचं काय त्यात.

जुळेची_मीरा:
@खमंग_शेंगा शेवटची ओळ वाचा ना प्लीज.
@रेल्वेलाईन्सवाली अडीच. पुढच्या महिन्यात अडीच पूर्ण.

घरकुलवाला:
आमच्याकडं पण हाच प्रॉब्लेम होता. घरात घालायचा, बाहेर पडलं की काढून फेकायचा. एक साइज मोठा घ्या, पायाला पुढून अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. बंदवाला नको, वेल्क्रोवाला घ्या. नवी पेठेत फिरलात की भरपूर मिळतील.

रेल्वेलाईन्सवाली:
@घरकुलवाला दादा, शू म्हणजे सुसू. शूज नाही.

घरकुलवाला:
अच्छा. असू द्या, कुणाच्या तरी कामाला येईल.

दोन_लेकरांची_आई:
राग मानू नका पण हे सगळं डायपरमुळं होतं. आम्ही दोन्ही पोरांना पहिल्या दिवसापासून सुती लंगोट घातले, जुन्या साड्यांचे. ओलं झालं की लेकराला कळतं, आईला कळतं. दीड वर्षात दोघं सांगायला लागले. आता सगळ्यांना आयतं पाहिजे.

खमंग_शेंगा:
ताई, तुमच्याकडं बोअर असेल. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतं, ते पण कधी पहाटे तीनला. दिवसाला पंधरा लंगोट कशात धुवायचे, सांगा.

दोन_लेकरांची_आई:
बोअर नाही. दोन सिंटेक्स आणि पिंप आहे. मनात असलं की जमतं.

खमंग_शेंगा:
मनात भरपूर आहे ओ, टाकीत नाही.

उजनी_ते_सोलापूर:
पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून, उजनीपासून इथपर्यंत शंभर किलोमीटरच्या वर पाइपलाइन आहे. शिवाय टाकळीला भीमेतून उचलतो, हिप्परग्याचा तलाव आहेच. म्हणजे पाण्याच्या जागा तीन आणि नळ कोरडा.

जुळेची_मीरा:
पाण्याचा वेगळा धागा काढा ना. मला सोमवारी जायचंय.
डायपरचं सांगते म्हणजे कुणी परत विचारणार नाही. फेब्रुवारीत सोडवलं. तेव्हा सासूबाईंनी तिला ‘डायपर छी, बाळं घालतात, तू मोठी झालीस’ असं पक्कं शिकवलं. आता अक्कलकोटला जाताना घातलं तर त्यातही केली नाही, कोरडंच्या कोरडं परत आलं. छी म्हणते.

भीमा_काठ:
हट्ट आहे हा. एक हलकासा फटका दिला की सुतासारखी सरळ होते. आमच्या आईनं आम्हाला असंच वाढवलं, काही बिघडलं नाही.

वॉर्डातली_ताई:
@भीमा_काठ फटक्यानं शू होत नसते ओ. ज्या स्नायूनं शू धरून ठेवतो तो सैल पडावा लागतो, आणि घाबरलेल्या लेकराचा तो आणखी आवळतो. तीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते, फटका दिलेली पोरं पण बघितलीत.
मीरा, मला चार गोष्टी सांगा. शी रोज होते का, कडक होते का? शू करताना रडते का, जळजळ म्हणते का? ताप? आणि बाहेर जाताना तिला पाणी किती देता?

जुळेची_मीरा:
ताप नाही, रडत पण नाही. शी दोन दिवसाआड, जरा कडकच असते, पण त्याचा काय संबंध? दूध मात्र खूप पिते, लिटरभर तरी होत असेल.
पाणी देतच नाही. म्हणजे निघायच्या दोन तास आधीपासून बंद करते, मग शूचा प्रश्नच नको.

रेल्वेलाईन्सवाली:
मे महिन्यात?? ४३ डिग्रीत??

वॉर्डातली_ताई:
मीरा, रागावत नाही, पण हे आजच्या आज बंद करा. सोलापूरच्या उन्हात अडीच वर्षांच्या लेकराचं सकाळी आठ ते तीन पाणी तोडायचं म्हणजे तुम्ही शूची काळजी करता करता ऊन लागून घ्याल. शिवाय कमी पाणी म्हणजे गडद शू, गडद शू चुरचुरते, चुरचुरली की लेकरू आणखी धरून ठेवतं. साठून राहिली की मुलींना लघवीच्या जंतुसंसर्गाची भीती जास्त, त्यांची लघवीची नळी आखूड असते.
शीचा संबंध असा की आतडं भरलेलं असलं की ते मूत्राशयावर दाबतं. लिटरभर दूध फार झालं, अर्ध्यावर आणा, मग भूक लागेल, भाकरी-भाजी जाईल पोटात, शी मऊ होईल.
आणि या वयात मूत्राशयात मावतं किती, तर वयात दोन मिळवायचे आणि तिसानं गुणायचं, तेवढे मिली. तुमच्या पोरीचं धरा १३५. एक पेलाभर पण नाही. ती सात तास धरून बसली होती.
आठ तास झाले आणि शू नाही, किंवा पोट फुगलं, ताप आला, तर इथं विचारत बसू नका, डॉक्टरकडं जा.

जुळेची_मीरा:
मला खरंच हे डोक्यात नव्हतं आलं. आत्ताच तिला तांब्याभर पाणी दाखवलं, अर्धं प्यायली अर्धं अंगावर.

खमंग_शेंगा:
गाडीत खायला कडक भाकरी न्या, आठ दिवस टिकते. शेंगाचटणी कुटलेली घ्या, मिक्सरमधली नको, तेल सुटत नाही.

रेल्वेलाईन्सवाली:
कडक भाकरी, त्या मुलीला शी कडक होतीये म्हणताहेत आणि तुम्ही.

खमंग_शेंगा:
आईबापाला ओ.

नातवाचा_आबा:
पोरी, एक विचारू का. घरात ती शू करती कुठं? कमोडवर का संडासात का कुठं?

जुळेची_मीरा:
मोरीत. बाथरूमच्या मोरीत बसते, नळाजवळ. का?

नातवाचा_आबा:
मग झालं की! तिला शूची जागा म्हणजे मोरी एवढंच ठावं. तू नेतीस कुठं, तर अंधाऱ्या खोलीत, वास मारणाऱ्या, मधी भोक. नाहीतर उंच कमोडवर, पाय लोंबकळतेत. म्या तिच्या जागी असतो तर म्या पण बोंबललो असतो. आमच्या नातवाचं असंच व्हतं. नळ चालू केल्याशिवाय करायचाच नाही. त्याची आजी लांबून नुसतं ‘शूऽऽ शूऽऽ’ म्हणायची, तवा व्हायचं. तुमच्यात नळ चालू असतो का बसल्यावर?

जुळेची_मीरा:
आबा, पाणी कुठंय नळ चालू ठेवायला. पण थांबा, मी मगानं पायावर पाणी घालत असते आधी. लाल मग आहे, तिचाच, दुसऱ्या कुणी घेतला तर रडते.

नातवाचा_आबा:
मग न्या की तो मग पुण्याला.

वॉर्डातली_ताई:
आबांचं बरोबर आहे, मी विचारायला हवं होतं. तो लाल मग न्याच, आणि आजपासून घरातच थोडा सराव द्या. आज मोरीच्या दारात बसवा, उद्या संडासात नुसती मगाशी खेळू द्या, शू झालीच पाहिजे असं काही नाही. पुण्यात कमोडच असला तर पायाखाली पाट किंवा डबा द्या, तळवे टेकले पाहिजेत. दर दोन तासांनी न्यायचं, नाही म्हणाली तर परत आणायचं, ओढायचं नाही.

दोन_लेकरांची_आई:
लंगोट वापरले असते तर मगाची वेळ आली नसती.

भीमा_काठ:
एका मगाचं केवढं कौतुक. पुढं शाळेत पण मग घेऊन जाईल.

रेल्वेलाईन्सवाली:
जाऊ दे की. माझा भाऊ चौथीपर्यंत उशी घेऊन झोपायचा, आता दोन मुलांचा बाप आहे.
मीरा, गाडीत पाच वर्षांखालच्याला तिकीट लागत नाही पण सीट पण मिळत नाही, चार तास मांडीवर होईल. दाराजवळची सीट बघा, सारखं उठावं लागणार.

जुळेची_मीरा:
(गुरुवारी)
परत आलो, लिहायचं राहिलं होतं. जाताना गाडीत नाही केली ती नाहीच. कुर्डुवाडी गेल्यावर नेलं होतं, खालून येणारा खडखडाट ऐकून गळ्याला मिठी मारली ती दौंडपर्यंत सोडली नाही. पाणी मात्र देत होते. हॉलवर पोचल्यावर वधूपक्षाच्या खोलीतल्या बाथरूमला मोरी होती, तिथं लाल मगानं पायावर पाणी घातलं, शूऽऽ म्हटलं, तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मगाकडं बघितलं आणि केली. मी तिथंच रडायला लागले, बाहेर नणंद दार वाजवायली, साडी नेसायचीये म्हणून. कमोडवर मात्र दोन्ही दिवस नाही म्हणजे नाही. मोरी शोधत फिरलो. तो मग तिनं स्टेजवर फोटोला पण सोडला नाही, सगळ्या फोटोत आहे, नवरीच्या शालूपुढं लाल मग.
येताना परत गाडीत नाही केली. स्टेशनवरून रिक्षा, रिक्षातून मोरी.
ताई, दूध अर्ध्यावर आणलंय. शी कालपासून मऊ आहे. शनिवारी डॉक्टरांना दाखवणार आहे तरी.

वॉर्डातली_ताई:
दाखवा. लघवीची तपासणी करतील, साधी असते.

नातवाचा_आबा:
फोटो बघायला पायजे तो.

खमंग_शेंगा:
जुळे सोलापुरात पाणी उद्या आहे का परवा?

जुळेची_मीरा:
परवा. पहाटे म्हणायलेत.