मदत हवी आहे : काळ्या जमिनीवरील कोंबड्यांच्या आवारात दिवसा शिरणाऱ्या मुंगसाला कसे रोखावे? (बडोदा)

सर्वांना नमस्कार. आम्ही बडोद्यात विश्वामित्री नदीच्या एका कोतराजवळ (घळीजवळ) राहतो आणि घरामागच्या जागेत अंकलेश्वर जातीच्या कोंबड्या पाळतो. भरूच-नर्मदा भागातील ही देशी जात इथल्या हवेला सरावलेली असल्यामुळे आजारपणाचा त्रास फारसा होत नाही. आमची सगळी चिंता शिकारी प्राण्यांची आहे, आणि ती आता रोजची झाली आहे.

खुराडे विटांचे आहे, ते संध्याकाळी कडी लावून बंद होते आणि रात्री आजवर काहीही शिरलेले नाही. त्याला जोडून दिवसा फिरण्यासाठी जे आवार केले आहे, त्याला लोखंडी खांब आणि षट्कोनी छिद्रांची साधी कोंबडी-जाळी आहे. वरूनही तीच जाळी असल्यामुळे शिक्रा आणि कावळे यांच्यापासून पिल्ले सुरक्षित राहतात. नुकसान होते ते भर दिवसा, सकाळचे ऊन चढल्यापासून दुपारपर्यंतच्या वेळात. मेलेल्या कोंबडीच्या मानेवर आणि डोक्यामागे चावे असतात, धड बहुतेक तसेच राहते आणि ते जाळीच्या कडेला ओढलेले दिसते. मुंगूस दिवसा वावरणारा प्राणी असल्यामुळे आमचा संशय त्याच्यावर आहे, आणि कोतराच्या बाजूने तो येता-जाता दिसतोही. मात्र काही वेळा अंडी कवचाचा तुकडाही मागे न राहता नाहीशी होतात, त्यामुळे घोरपडही येत असावी असे वाटते.

खरी अडचण जमिनीची आहे. आमची जमीन काळी असून उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. जाळी जमिनीत वीतभर पुरलेली असली तरी नेमक्या तिच्या कडेनेच माती सुटते आणि प्राण्याला फारसे उकरावेही लागत नाही. पावसाळ्यात हीच माती फुगते, खांब तिरके होतात आणि दरवाजाच्या खाली फट पडते. भोवती सिमेंटचा पाया घालावा असे घरच्यांचे मत आहे, परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली, तेव्हा आमच्या आवारातही पाणी आले होते. चारही बाजूंनी बंद पाया घातला तर ते पाणी आतच तुंबून राहील, अशी मला भीती वाटते.

बारीक जाळीबद्दलही शंका आहे. मे महिन्यात इथे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, आणि कोंबडीला घाम येत नसल्याने धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकण्याखेरीज तिच्याजवळ फारसा उपाय नसतो. अशा वेळी वारा अडला तर शिकारी प्राण्यापेक्षा उन्हानेच अधिक कोंबड्या दगावतील.

मुंगसाला किंवा घोरपडीला इजा होईल असा कोणताही उपाय मला नको आहे. दोन्ही प्राण्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहेच, शिवाय कोतर हे मुळात त्यांचेच घर आहे. काळ्या जमिनीवर कुंपण केलेल्या कोणी जाणकाराने कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

ताई, वेळ आणि मानेवरचे चावे पाहता आपला मुंगसावरचा संशय योग्य वाटतो. रानमांजर, उदमांजर किंवा कोल्हा यांचा वावर मुख्यतः रात्रीचा असतो.

काळ्या जमिनीत जाळी उभी पुरू नका, कारण भेग तिच्याच कडेने खाली उतरते. जाळीचा दोन फूट रुंदीचा पट्टा कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरा, त्याची आतली कड उभ्या जाळीच्या तळाशी तारेने घट्ट बांधा आणि वर फरशीचे तुकडे किंवा विटा ठेवा. उकरणारा प्राणी कुंपणाच्या अगदी पायथ्याशीच माती काढू लागतो. तिथे जाळी लागली की दोन फूट मागे सरून पुन्हा उकरावे, हे सहसा त्याला सुचत नाही. जमीन फुगली किंवा आकसली तरी आडवा पट्टा तिच्याबरोबर वरखाली होतो, आणि पुराचे पाणी त्यातून सहज ओसरते. सिमेंटच्या बंद पायाबद्दलची आपली भीती रास्त आहे. खांबांसाठी मात्र खड्ड्यातील काळी माती पूर्ण काढून त्या जागी मुरूम भरा आणि तो चांगला ठोकून बसवा, म्हणजे खांब तिरके होणार नाहीत. दरवाजाखाली दगडी उंबरा बसवा.

कोंबडी-जाळीची तार पातळ असते आणि कुत्राही ती फाडू शकतो. खालचे तीन फूट अर्ध्या इंचाच्या छिद्रांची जस्त चढवलेली वेल्डमेश (तारा एकमेकींना सांधून केलेली जाळी) आणि त्याच्या वर एक इंचाची वेल्डमेश लावली, तर वारा पुरेसा खेळतो. पश्चिमेकडून सावलीसाठी हिरवे कापड बांधावे. अंडी दुपारच्या आत उचलावीत, कारण घोरपड चढण्यातही तरबेज असते.

काम सुरू करण्यापूर्वी कुंपणाच्या बाहेर रांगोळीचा पातळ थर पसरून ठेवा. मुंगसाच्या पावलात पाच बोटे आणि नखांच्या खुणा दिसतात, मांजराच्या पावलात चार बोटे असतात आणि नखे उमटत नाहीत, तर घोरपडीच्या पावलांमध्ये शेपटी फरफटत गेल्याची रेघ असते. ठसे मिळाले की त्यांची छायाचित्रे इथे द्यावीत, म्हणजे दरवाजा कोणत्या बाजूला हलवणे सोयीचे होईल तेही सांगता येईल.