मदत हवी आहे: सांगली-मिरजेत लहान मुलांची एंडोस्कोपी रात्री कुठे होते?

नमस्कार मंडळी. चुंबक गिळण्याबद्दल अंगणवाड्यांसाठी एक पत्रक करतोय. मजकूर तयार आहे, दवाखान्यांची यादी अडलीय. 5 वर्षांखालच्या मुलाच्या पोटातून दुर्बिणीने वस्तू काढणारे डॉक्टर रात्री कुठे मिळतात? बालशल्यविशारद तिथेच असतात का?

घाईचं कारण असं: खेळण्यांतल्या त्या 5 मिमीच्या चकचकीत चुंबकी गोळ्या निओडिमियमच्या, म्हणजे फार जोरदार ओढणाऱ्या चुंबकाच्या असतात. एकच गेली तर बहुधा शौचावाटे पडते. पण दोन गेल्या, की आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकींना ओढतात, मधली भिंत चिमटते, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि भोक पडतं. सुरुवातीला मूल मजेत खेळत असतं. नंतर उलटी, पोटदुखी. घरचे म्हणतात जंत असतील, आणि वेळ जातो.

एक्स-रे समोरून आणि बाजूने, दोन्ही हवेत. एकाच फोटोत चिकटलेल्या दोन गोळ्या एक भासू शकतात. केळं, भात भरवू नका, ओकारी काढू नका; भूल द्यायला पोट रिकामं लागतं. एमआरआय अजिबात नको, ते यंत्रच मोठं चुंबक असतं.

तासगाव, विटा, जत भागातून जवळचं ठिकाण ठाऊक असेल तर तेही लिहा. फोन करून रात्रीची सोय विचारली असेल तरच नाव कळवा, कृपया.