सुएझ कालव्यामुळे मुंबई बंदराचे नेमके काय बदलले?

घोडबंदरकर (ठाणे):
मी एका निर्यात कंपनीत कागदपत्रांचे काम पाहतो. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून, म्हणजे २०२३ च्या अखेरीपासून, न्हावा-शेव्याहून युरोपला निघालेले आमचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले आणि ग्राहकाला कळवलेली प्रत्येक तारीख खोटी ठरू लागली. मुंबई कालव्यामुळे मोठी झाली असे सर्रास म्हटले जाते. परंतु कापसाची तेजी तर त्याआधीचीच ना?

चरई (ठाणे):
आपली शंका रास्त आहे. ती तेजी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) आली आणि युद्ध संपताच कोसळली. शिवाय टपाल व प्रवासी कालव्यापूर्वीही इजिप्तमधूनच जात. अलेक्झांड्रियापासून सुएझपर्यंत १८५८ पासून रेल्वेही होती. मात्र कापसाच्या गाठी एका समुद्रात उतरवून दुसऱ्या समुद्रात पुन्हा चढवणे परवडणारे नव्हते. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी कालवा खुला झाला आणि मुंबईत भरलेला माल मध्ये न उतरवता लंडनला पोहोचू लागला. अंतर चार हजारांहून अधिक सागरी मैलांनी घटले. याचा लाभ प्रामुख्याने आगबोटींना झाला, कारण तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वारा बहुतेक उत्तरेकडूनच वाहतो आणि शिडाच्या जहाजांना तो समोरून येतो. ससून डॉक (१८७५) आणि प्रिन्सेस डॉक (१८८०) ही त्यानंतरच्या वाढीची खूण आहे.

नेरूळचा निवृत्त इंजिनीअर:
थोडी भर घालतो. पनामाप्रमाणे येथे जलपाश (जहाज एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाजांचे हौद) नाहीत. नेपोलियनच्या सर्वेक्षकांनी तांबडा समुद्र भूमध्य समुद्रापेक्षा सुमारे दहा मीटर उंच असल्याचा निष्कर्ष काढला होता. ही चूक पुढे १८४७ च्या मोजणीत उघड झाली, म्हणूनच फर्दिनांद द लेसेप्स यांना सरळ चर खणता आला. आज त्याची लांबी १९३ किलोमीटर आहे. जहाजे ताफ्याने, मंद वेगाने जातात, आणि डेकवरून पाहिले तर दोन्ही बाजूंना वाळूच दिसते. दोर बांधण्यासाठी जहाजावर घेतलेले स्थानिक नावाडी काम नसेल तेव्हा आतल्या बोळात पपायरसची चित्रे मांडून चक्क दुकान थाटत. आमचा स्वयंपाकी दर फेरीत घासाघीस करून एखादे घेई.

घोडबंदरकर:
माल उतरवून पुन्हा चढवण्याचा मुद्दा पटला. मग १९६७ ते १९७५ या काळात कालवा बंद असताना मुंबईचे काय झाले?

चरई:
पुन्हा केपचा, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा वळसा, तोच जो आज आपल्या कंटेनरला पडतो. कालव्यात अडकलेली मालवाहू जहाजे आठ वर्षे कालव्याच्या मार्गातील ग्रेट बिटर सरोवरात उभी होती आणि वाळूच्या थरामुळे त्यांना ‘पिवळा ताफा’ हे नाव पडले. त्यांच्यावर माल चढवणाऱ्यांनी ग्राहकाला कोणती तारीख कळवली असेल, याचा आपणच अंदाज करावा.