काटा हलत नाही, पण नायट्रस संपतो! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी ऑपरेशन थिएटरमध्ये भूल विभागात तंत्रज्ञ आहे. रुग्णालयाने कचरा आणि कार्बन कमी करायला समिती नेमली आणि मला एक्सेल येतं म्हणून हिशेब माझ्या गळ्यात पडला. 'दिवे मालवा'ची पोस्टरं लावून झाली. मी म्हटलं, आधी भुलीचे वायू बघू.

डेसफ्लुरेन या भुलीच्या वायूचं पटकन मिटलं. वजनाला वजन धरलं तर १०० वर्षांत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २५०० पट तापवतो, सेव्हो (सेव्होफ्लुरेन, दुसरा भुलीचा वायू) त्याच्या पासंगालाही पुरत नाही. स्कॉटलंडने २०२३ मध्येच तो बंद केला. हे ऐकल्यावर आमचे सर सेव्होवर आले.

गाडं अडलंय नायट्रसवर (नायट्रस ऑक्साइड, हाही भुलीचाच वायू). आता तो फारसा कुणी लावत नाही. नोंदवहीतले फ्लो धरून हिशेब केला तर महिन्याला एक सिलिंडर पुरायला हवा. मॅनिफोल्डवर (ओटीच्या पाइपलाइनला वायू पुरवणाऱ्या सिलिंडरांची जोडणी, एक बाजू चालू, एक रिझर्व्ह) चार बदलले गेले. ३० किलोचा एक सिलिंडर हवेत गेला म्हणजे सुमारे ८ टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. पण गळतीचं नाव काढलं की देखभालीचे काका म्हणतात, "गेज (दाबाचा काटा) बघ की. गळती असती तर काटा उतरला नसता?" यावर काय बोलू?

जाता जाता दुसरं: केस सुरू व्हायच्या आत सिस्टर मॉपची (रक्त टिपायच्या निर्जंतुक कापडांची) सगळी पाकिटं फोडून ठेवतात (सर ऐन वेळी ओरडतात, त्यांचंही बरोबर). उरलेले मॉप, सिरिंजची कोरी वेष्टनं, सगळं संसर्गजन्य कचऱ्यात. कारण टेबलाशेजारी बादली तेवढीच! जाणकारांनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १

काका ऑक्सिजनच्या सवयीने बोलतायत. ऑक्सिजन सिलिंडरमध्ये वायूच असतो, वापराल तसा काटा उतरतो. नायट्रस आत द्रवरूपात असतो. तळाला थोडा द्रव असेतोवर दाब ५० बारच्या आसपासच राहतो आणि द्रव संपला की काटा एकदम कोसळतो. तेव्हा गेज सोडा, वजन करा. ओटी बंद होताना एकदा, उघडायच्या आधी एकदा. मधे केस नसताना वजन घटलं तर गळती आहेच. सोडवणं-जोडणं मात्र काकांकडूनच करून घ्या. गळती निघाली तर पाइपलाइन कायमची बंद करून मशीनला छोटा सिलिंडर लावता येतो, पण तो निर्णय भूलतज्ज्ञांचा आणि गॅस इंजिनिअरचा. उत्साहात स्वतः व्हॉल्व्ह फिरवू नका.

प्रतिसाद २

बादलीचं सोपं आहे. पेशंट आत येईपर्यंत टेबलाशेजारी फक्त साध्या कचऱ्याची बादली ठेवा, बहुतेक वेष्टनं तेव्हाच फाटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयातला सुमारे ८५ टक्के कचरा साधाच असतो. मॉपची दोन पाकिटं फोडा, बाकीची हाताशी बंद ठेवा. सरांना आधी सांगा पण, नाहीतर पुन्हा ओरडतील.

धागाकर्ता

आभार! स्टोअरमधून वजनकाटा मागवलाय. शनिवारी संध्याकाळी काका आणि मी मिळून वजन करणार. एक शंका: रिझर्व्ह बाजूचे सिलिंडरही तोलायचे का?

प्रतिसाद १

हो, दोन्ही बाजूंचे. रिझर्व्हचा व्हॉल्व्ह गळत असेल तर कळणार कसं?